चारचौघींसारखं बाळंतपण

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय शिवलीला,

पाकीट बघून आधी दचकली असशील. हल्ली घरी कागद येतो तो बँकेचा, नाहीतर सोसायटीचा. घाबरू नकोस, इकडं सगळं चांगलं आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र, इंद्रजीतच्या हाती आजच पाठवते आहे. आणि उचललास तरी आपलं फोनवर काय होतं ते तुला माहीत आहे. तू माझा आवाज ऐकत बसतेस आणि मी तुझा. ही फार भरभर बोलतेय का, ही फार सावकाश बोलतेय का, आत्ता हसली ते जरा जास्त झालं का. बोलायचं राहतं बाजूला आणि आपण एकमेकींची नाडी बघत बसतो. कागदावर तसं होत नाही. माझं अक्षर तेवढं बघून घे. सरळ रेषेत आहे ना? मग पुढं वाच.

शाल्मलीचा फोटो मी पाठवला होता. तू बघितलास, पण काही लिहिलं नाहीस, म्हणून आता शब्दांत सांगते. ती सात महिन्यांची झाली आहे आणि उलटी रांगते. समोर खुळखुळा ठेवला की त्याच्याकडं बघत बघत मागं मागं जाते आणि पलंगाखाली जाऊन अडकली की आम्हाला रागावते. कान इंद्रजीतचे, रंग माझा, आणि हट्ट आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, रंभाबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्या आत्ता समोर बसून शेंगा फोडताहेत आणि शाल्मली टरफलांचा आवाज ऐकून खिदळते आहे. मी जूनपासून शाळेत परत रुजू झाले. आठवीला बीजगणित, नववीला भूमिती. दुपारी घरी येते तेव्हा अंग मोडून आलेलं असतं, पण ती दमणूक साधी आहे. झोपलं की जाते. अशी झोपल्यावर जाणारी दमणूक किती मोठी गोष्ट आहे, ते तुला वेगळं सांगायला नको.

तुला वॉर्डाबाहेरचा तो वऱ्हांडा आठवतो ना? जाळीतून चिंचेचं झाड दिसायचं. मला तिथं आणलं तेव्हा मी किती रात्री झोपले नव्हते त्याचा हिशेब घरच्यांनाही लागत नव्हता. बी.एड.ची परीक्षा तोंडावर होती आणि मी सगळ्या सोलापूरला गणित शिकवायला निघाले होते. रिक्षावाल्यांना, देवळाबाहेरच्या फुलवाल्यांना थांबवून थांबवून. इतकं आनंदी मी आयुष्यात कधी नव्हते, आणि आई तिथं बाकावर बसून पदरात तोंड घालून रडत होती. शेजारच्या खाटेवर तू होतीस. तुझा बसू तेव्हा महिन्याचाही नव्हता आणि तुला ठाम वाटत होतं की दवाखान्यात बाळ बदललंय, घरी तुझ्या सासूबाई निंगव्वा सांभाळतात ते तुझं नाही. ब्लाउज दुधानं भिजायचं आणि तू ते कुणाला दिसू नये म्हणून पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसायचीस. गोळ्यांनी दोघी थोड्या ठिकाणावर आल्यावर तू मला पहिल्यांदा काय विचारलंस तर, ऊट आयता? जेवलीस का? मला कानडी येत नव्हतं, तरी कळलं. त्या दिवसापासून तू माझी मैत्रीण.

आणि निघताना तू मला बजावलं होतंस. लग्न कर हवं तर, पण मुलाच्या वाटेला जाऊ नकोस, बाळंतपणात डोकं परत तिकडंच जातं. तू हे माझ्या भल्यासाठी सांगितलं होतंस. तुझं झालेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळं ते मला कायद्यासारखं वाटलं. माझ्या आईचंही तेच मत. ती म्हणायची, तू बरी आहेस, नोकरी करतेस, तेवढं पुरे. इंद्रजीतला मी लग्नाआधी, दुसऱ्याच भेटीत, आजाराचं नाव घेऊन सांगितलं. तो ठिबकच्या नळ्या विकणारा माणूस. त्यानं विचारलं, गोळ्या रोज घ्यायच्या असतात का कधीतरी? रोज, म्हटलं. मग आठवण कोण करतं? मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, मग आता दोघं करू. त्याच्या घरी मात्र आम्ही सांगितलं नाही. आईची तशी इच्छा होती. आत्यांना एवढंच माहीत होतं की सुनेला डोकेदुखी आहे आणि तिनं रात्री जागायचं नसतं.

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि मला मूल हवंसं वाटायला लागलं. ते हवंसं वाटणंसुद्धा मी आधी संशयानंच बघितलं. मला काहीही फार जोरात हवंसं वाटलं की मी आधी विचारते, हे मी की तो आजार? म्हणून आम्ही डॉ. सिद्धेश्वरी मॅडमकडं गेलो. तुझ्या वेळच्या डॉक्टरांनंतर त्या आल्या, तुला त्या भेटलेल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या एका वाक्यात नाही म्हणतील. त्यांनी बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आम्हाला म्हणाल्या, हे वर्षभराचं काम आहे, घाई करायची नाही. एक गोळी बाळाला घातक असते, ती त्यांनी दिवस जायच्या आधीच सावकाश बदलली. दुसरी चालू ठेवली. आणि एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतली. काहीही झालं तरी गोळी मी माझ्या मनानं बंद करायची नाही. त्या म्हणाल्या, बायका पोटातल्या बाळाच्या काळजीनं गोळ्या फेकून देतात आणि आजार तिथंच गाठतो.

दिवस गेले, आणि शिवलीला, मी रोज सकाळी उठून स्वतःला तपासायला लागले. पहिले तीन महिने उलट्या. गोळी पोटात राहिली की उलटीत गेली, हेच कळायचं नाही. रक्त तपासायला सारखं जावं लागायचं, कारण गरोदर बाईच्या अंगात रक्त आणि पाणी वाढतं आणि तीच गोळी त्यात पातळ पडते. मॅडमनी मला तसं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे द्रावणाची तीव्रता कमी होते. त्या हसल्या. तीव्रता कमी आली तसा त्यांनी डोस वाढवला. मी घाबरले होते, की डोस वाढला म्हणजे आजार वाढला. तर तसं काही नव्हतं. वाढलं होतं ते शरीर.

पाचव्या महिन्यात विसरणं सुरू झालं. फोन फ्रिजमध्ये, गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात, हे तर झालंच. पण एक दिवस मी फळ्यापुढं उभी होते, त्रिकोण काढलेला, दोन बाजू समान दाखवलेल्या, आणि त्याचं नाव येईना. मला! वर्गात बघितलं तर पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, समद्विभुज, बाई. मी मान हलवली, खडू ठेवला, आणि तास संपल्यावर स्टाफरूमच्या मोरीत जाऊन रडले. मला खात्री पटली होती की सुरुवात झाली, डोकं निघालं. तडक मॅडमकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, झोप विचारली, भूक विचारली, इंद्रजीतला वेगळं बोलावून विचारलं, आणि मग म्हणाल्या, रेश्मा, हे सगळ्यांना होतं. मी म्हटलं, कुणा सगळ्यांना? त्या म्हणाल्या, पोटुशी बायकांना. मलाही झालं होतं, मी माझ्याच पेशंटचं नाव विसरले होते. गर्भारपणात मेंदू काही ठिकाणी आवरला जातो म्हणे, बाळाकडं लक्ष लागावं म्हणून. कमी होत नाही, त्याची मांडामांड बदलते. झोप अपुरी असते, त्याचाही हात असतो. लिहून ठेवत जा आणि किल्लीसाठी दाराला खिळा मारा.

घरी येताना रिक्षात मला हसू फुटलं. कितीतरी वर्षांत माझ्या डोक्याला पहिल्यांदा असं काहीतरी झालं होतं, जे चारचौघींना होतं. शाळेतल्या बायकांना सांगितलं तर प्रत्येकीकडं गोष्ट तयार. आमच्या चित्रकलेच्या बाई मुलाच्या वेळी दूध समजून ताक चहात ओतायच्या. मी त्यांच्यात बसून हसले, आणि त्यांना वाटलं मी विनोदाला हसते. मी विनोदाला हसत नव्हते गं.

मग साखर आली. ते गोड पाणी प्यायला देतात ना, त्या तपासणीत आकडा वर गेला. बाळाच्या वारेतून जी संप्रेरकं निघतात ती आईच्या साखरेचा हिशेब बिघडवतात, बाळाला जास्त मिळावं म्हणून, आणि काही बायकांचं शरीर ते पेलत नाही. पुन्हा तेच उत्तर, पुष्कळ बायकांना होतं, बाळंतपणानंतर जातं. साखरेला मी भ्यायलेच नाही. मला तो आजार घरच्यासारखा वाटला. त्याचं नाव कुणापुढंही घेता येत होतं! जिन्यात भेटलेल्या बाईलाही मी आपणहून सांगत होते, मला साखर निघाली. ती कडधान्यं सुचवायची, दुसरी मेथी सुचवायची. आजाराला लोकांनी असा सल्ला द्यायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं. आपल्या आजाराला लोक फक्त आवाज खाली करतात.

सातवा लागला तेव्हा सिद्धेश्वरी मॅडमनी दुसरी अट घातली. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात अवघड असतात, म्हणाल्या, संप्रेरकं एकदम खाली येतात, झोप मोडते. तेव्हा घरात जो कोणी असेल त्याला सगळं माहीत हवं. लपवून चालणार नाही. म्हणजे आत्यांना सांगणं आलं. इंद्रजीत त्यांना माढ्याहून घेऊन आला. दवाखान्यात मॅडमच्या समोर त्या हातात पिशवी धरून बसल्या आणि मॅडम सांगत होत्या ते सगळं, वॉर्ड, गोळ्या, काय काय होऊ शकतं, ऐकत राहिल्या. घरी आल्या, पाणी प्यायल्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं परत गेल्या. इंद्रजीतशीही बोलल्या नाहीत. ते पुढचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. आई म्हणाली, तरी मी सांगत होते. मी मनातल्या मनात माझी बॅग भरून ठेवली होती.

आठवडा गेला असेल. दुपारी बेल वाजली आणि दारात आत्या. दोन मोठ्या पिशव्या, एक ज्वारीच्या पिठाचा डबा, हुलगे, मेथ्या. पिशव्या आत घेऊन बसल्या आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला तीन वरसं कुनी काय सांगितलं न्हाय, ह्याचा राग हाय. तो ऱ्हाईल. पन लेकरू काय माजा राग जायची वाट बघत बसनार न्हाय. म्हशी धाकल्या जावंकडं सोडून आले. आता हितंच हाय मी."

एवढंच. त्या म्हशींची सोय लावायला गेल्या होत्या! आणि राग खरंच राहिला. महिनाभर त्या माझ्याशी तुटक बोलायच्या. पण माझ्या साखरेसाठी हुलग्याचं माडगं बिनगुळाचं, मीठ-जिरं घालून करायच्या, आणि संध्याकाळी मला घेऊन तलावाकाठी चालायला जायच्या. मला तो राग आवडायला लागला होता. मला वेडी समजून कुणी गोड बोललं की मला धडकी भरते. आत्या माझ्यावर रागावल्या होत्या, जशा धडधाकट सुनेवर रागावतात.

शाल्मली झाली. रात्री न होता सकाळीच झाली, हेसुद्धा मॅडमना आवडलं, म्हणजे माझी झोप मोडली नाही. तिसऱ्या दिवशी मला रडू यायला लागलं. कारण काही नाही. नळाला पाणी आलं तरी रडू, इंद्रजीतनं चहा दिला तरी रडू. तो बिचारा पांढराफटक झाला, फोन हातात घेऊन उभा. बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर आली, माझ्याकडं बघून म्हणाली, तिसरा दिवस का? सगळ्याच रडतात. पलीकडच्या खाटेवरचीही रडत होती, तिच्या पलीकडचीही. आम्ही तिघी एकमेकींकडं बघून रडत होतो आणि दोन-चार दिवसांत ते गेलंही.

रात्रीचं दूध बाटलीचं, हे आधीच ठरलेलं होतं. मी सलग झोपायचं, तेच माझं मुख्य औषध. अंगावर किती पाजायचं हेही मॅडमनी गोळ्या बघूनच ठरवून दिलं होतं. इंद्रजीत आणि आत्या पाळी लावून उठायचे. शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या आणि दुधाच्या पावडरचा डबा बघून म्हणाल्या, आईचं असताना वरचं कशाला बाई? मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "दूद कुटलं बी असंना. लेकराची आय शानी ऱ्हायली पायजे." काकूंना त्याचा अर्थ किती कळला कोण जाणे. मी आत जाऊन तोंड धुतलं.

आता जे सांगायचं ते सांगते, कारण इथवरचं वाचून तुला वाटेल की रेश्माचं सगळं सुरळीत झालं, माझं कुठं तसं झालं होतं. तर ऐक. ते आलं होतं. बाराव्या दिवसानंतर, बारशाच्या गडबडीत. आधी मला नुसतं छान वाटायला लागलं. अंगात हलकं, डोकं लख्ख. बाळ झोपलं तरी मला झोपायची गरज वाटेना. इंद्रजीतच्या दुकानात माल आल्यामुळं तो दिवसभर बाहेर. मी बाळाच्या कपड्यांचे खण आवरले, परत आवरले, आणि मुलांसाठी गणिताच्या खेळांचं पुस्तक लिहायचं ठरवलं. पहिली सत्तर पानं डोक्यात तयार होती. आत्यांना सांगत होते, एकाला एक जोडून, श्वास न घेता. तो आनंद तुला माहीत नसेल, तुझं दुसऱ्या रस्त्यानं आलं होतं. पण एवढं सांगते, तो येतो तेव्हा आजारासारखा दिसत नाही. बक्षिसासारखा दिसतो. इतके महिने धाक होता आणि बघ, मी नुसती बरी नाही, उत्तम आहे, असं वाटत होतं.

आत्यांनी हातातलं काम ठेवलं. त्या म्हणाल्या, "रेश्मा, लेकरू झोपतंय तवा बी तू झोपत न्हाईस. काल बी न्हाय, परवा बी न्हाय. डाक्टरीनबाईला फोन तू लावतीस का मी लावू?"

मला इतका संताप आला, शिवलीला. ओठावर शब्द आले होते, की तुम्हाला मला वेडी ठरवायची घाई झाली आहे. अजून दोन वाक्यं बोलले असते तर घरात भांडण पेटलं असतं, आणि भांडणाच्या धुरात आजार आरामात आत येऊन बसला असता. पण त्या रागातही मला एक कळत होतं. मी फोन लावला तर मी पाच मिनिटांत मॅडमना पटवून देईन की मी ठणठणीत आहे. मी फार चांगलं पटवते, तू बघितलं आहेस. म्हणून मी म्हटलं, तुम्हीच लावा. हे दोन शब्द बोलायला मला जेवढं बळ लागलं तेवढं बाळंत व्हायलाही लागलं नव्हतं.

आत्यांनी मॅडमना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याच दुपारी आम्ही गेलो. गोळीचा डोस वाढवला, झोपेची एक थोड्या दिवसांसाठी दिली, अंगावरचं पाजणं थांबवलं. दाखल करायची वेळ आलीच तर काय करायचं तेही ठरलेलं होतं, बाळ कुणाकडं, दूध कोणतं, सगळं. ती वेळ आली नाही. मी दोन दिवस नुसती झोपले. जाग आली की शाल्मलीचा आवाज यायचा पलीकडच्या खोलीतून, आत्या तिच्याशी काहीतरी बोलत असायच्या, आणि मी पुन्हा झोपायचे. आठवड्याभरात डोक्यातलं पुस्तक विरघळून गेलं. मग एक दिवस मी उठले, दात घासले, आणि मला कंटाळा आला. साधा, सकाळचा, उठून काम करायचा कंटाळा. मी इंद्रजीतला हाक मारून सांगितलं, मला कंटाळा आलाय. तो दारात उभा राहून हसायला लागला आणि मग त्याला रडू आलं. आत्या आतून विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

पुढं साखर आपोआप उतरली. केस झडले, ते सगळ्यांचेच झडतात. विसरणं थोडं अजून आहे. आणि आत्यांचा राग कधी गेला ते मला कळलं नाही. एक दिवस त्या मला नेहमीसारखं, भाकरी करपली म्हणून, टाकून बोलल्या तेव्हा लक्षात आलं की तो जुना राग आता घरात नाही.

हे सगळं मी तुला आजच का लिहिते आहे, ते सांगते. गेल्या मंगळवारी तुझे मल्लिकार्जुन इंद्रजीतच्या दुकानात आले होते. पाइप घ्यायला आलो म्हणाले, पण पाइप घेतले नाहीत. बराच वेळ बसले आणि मग सांगितलं की तुला तिसरा महिना लागतो आहे, की तू गोळ्या बंद केल्या आहेस, की तू कुणाशी बोलत नाहीस आणि गर्भ पाडून मोकळं व्हायचं म्हणतेस, नाही म्हणतेस, परत म्हणतेस. ते इंद्रजीतला म्हणाले, "मला लेकरू हवंय असं तिला वाटतंय. मला ती हवीय." हे त्यांनी तुला सांगितलंय का माहीत नाही, म्हणून मी सांगते. शिवलीला, मी तुला बाळ ठेव म्हणत नाही आणि नको ठेवू असंही म्हणत नाही. मी मॅडमना तुझं नाव न घेता विचारलं. एकदा झालं त्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, हे त्यांनी लपवलं नाही. पण या वेळी ते येणार हे आधी माहीत असतं, आणि माहीत असलेल्याची तयारी करता येते, असं त्या म्हणाल्या. बाळ नको असेल तर तोही रस्ता आहे, त्यात लाज नाही आणि त्यातही त्या सोबत असतील. गोळ्यांचं मात्र आजच मल्लिकार्जुनांना मॅडमशी फोनवर बोलायला सांग, नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. बसूच्या वेळी तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. तू एकटी त्यात पडलीस आणि सगळ्यांना वाटलं तूच तशी आहेस. तू तशी नव्हतीस, तू आजारी होतीस, आणि वेळेवर कुणी फोन लावला नाही. परवा मंगळवारी दुपारची मॅडमची तुझ्यासाठी वेळ घेतली आहे. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. अक्कलकोटच्या गाडीतून उतरलीस की स्टँडवरच थांब, मी येते. बोलावंसं नाही वाटलं तर बोलू नकोस, माझ्या शेजारी नुसती बैस. काय ठरवायचं ते तू नंतर ठरव, पोटभर झोप झाल्यावर.

तुझीच,
रेश्मा